जिद्द कोणाच्या बापाची?

गेल्या महिन्यात गोदीत दोन खाडे करून लातूरला गेलो. धाकटी बहीण तिथं नीटच्या क्लासला आहे. रातभर जनरल डब्यात उभा, सकाळी रिक्षात बसलो तर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पोरंच पोरं, पण सगळी फ्लेक्सवर. एकेका फ्लेक्सवर वीस-वीस डोकी आणि प्रत्येक डोक्याखाली मार्कांचा आकडा. आमच्याकडं बोटीतून उतरलेल्या पेट्यांवर वजन लिहिलेलं असतं, तसा. आणि सगळ्यांच्या वर हातभर अक्षरात एकच शब्द : जिद्द.

बहीण खोलीच्या दारात उभी होती. एका खोलीत चार कॉट. तिचे डोळे सुजलेले. काय झालं म्हटलं तर आधी सांगेना. मग म्हणाली, "दादा, सर सगळ्या वर्गासमोर म्हणले, तुझ्यात जिद्दच नाही. तुम्हाला कशाला लागतीय जिद्द, तुमचं कमी मार्कात होतंय म्हणले."

सरांचं नाव लिहीत नाही. क्लासचंही लिहीत नाही. असा एकच सर असता तर लिहिलं असतं.

ही पोरगी पहाटे चारला उठते. कंधार तालुक्यातल्या आमच्या वस्तीतून दहावीनंतर सायन्सला गेलेली ही पहिली पोरगी. माय अजून दुसऱ्याच्या रानात सोयाबीन काढायला जाते आणि क्लासची फी मी मुंबईच्या गोदीत पोती उचलून भरतो. आणि हिच्यात जिद्द नाही! मग दोस्तहो, जिद्द म्हणजे नेमकं काय ते एकदा उलटंपालटं करून बघायला पाहिजे. मी मॅट्रिक पास, पण कविता लिहितो, म्हणून शब्दांचा हिशेब मागायचा मला हक्क आहे. आणि हमाल आहे, त्यामुळं वजन कशाला म्हणतात तेही कळतं.

आमच्या टोळीत एक बिहारी चाचा आहे. मी ठेकेदाराशी ओव्हरटाइमवरून भांडायला लागलो की तो मागून शर्ट ओढतो, "ज़िद मत कर, बेटा." पहिल्यांदा मला कळेना, हा माणूस चांगली गोष्ट करू नको असं का म्हणतोय. नंतर ध्यानात आलं. त्याच्या भाषेत जिद म्हणजे खोड. पोरगं मातीत लोळून खेळणं मागतं ती जिद. आपल्याकडं तोच शब्द भिंतीवर सोनेरी अक्षरात. चाचा लहानपणी मदरशात शिकलेला. एकदा डबा खाताना त्यानं सांगितलं, शब्द मुळात अरबी, आणि तिकडं त्याचा अर्थ उलटा, विरोधी. दिवसाची जिद्द रात. काळ्याची जिद्द पांढरा.

माझा घास हातातच राहिला. म्हणजे या शब्दाच्या पोटात आधी 'विरुद्ध' आहे. कोणाच्या तरी विरुद्ध उभं राहिल्याशिवाय जिद्द होतच नाही. मराठीत येऊन तो रुळला आणि पांढरपेशांनी त्याला धुऊन, इस्त्री करून घेतला. विरोध गळून गेला, नुसती ताकद राहिली. आता तो पतसंस्थेच्या कॅलेंडरवर बसतो, गुणगौरव समारंभाच्या ट्रॉफीवर बसतो. कोणाच्या विरुद्ध, हे कुणी विचारत नाही.

याच्या शेजारी आणखी एक घराणं राहतं. स्पर्धा, चुरस, चढाओढ, ईर्षा, अहमहमिका. पेपरवाल्यांचा तो लाडका शब्द, अहमहमिका. संस्कृतातला 'अहम् अहम्', म्हणजे मी-मी. तिकिटवाटपाच्या वेळी पेपरात हमखास येतो. चढाओढ मला जास्त खरा वाटतो, कारण त्यात चढणंही आहे आणि ओढणंही. एकानं चढायचं, दुसऱ्यानं त्याचा पाय ओढायचा. हे सगळे शब्द आडवे बघतात, बाजूच्या माणसाकडं. जिद्द समोर बघते. एवढा एक फरक धरून ठेवा, पुढं लागणार आहे.

पण आपल्या वाट्याला या दोन्ही घराण्यातले शब्द येत नाहीत. आपल्यासाठी वेगळी पोतडी आहे. पाटलाच्या पोरानं एमपीएससीचा पाचवा अटेम्प्ट दिला तर जिद्द, आमच्या पोरानं तिसरा दिला तर 'अजून किती दिवस फुकट बसणार?' त्यांच्या पोरानं मिशीला पीळ दिला तर रुबाब, आमच्यानं दिला तर माज. आणि माज आला की त्याच्यामागं क्रियापदं तयार असतात. माज उतरवतात, मस्ती जिरवतात, रग मोडतात. जिद्दीचं मात्र नुसतं कौतुक असतं. कधी तरी कागद घेऊन बसा आणि आपल्या वस्तीबद्दल गाव कोणती क्रियापदं वापरतं ती लिहून काढा. कोशकारांना सुचणार नाही असा कोश होईल.

जुन्या लोकांनी हट्टाचे तीन प्रकार सांगून ठेवलेत : बालहट्ट, स्त्रीहट्ट, राजहट्ट. मराठवाड्यानं १९७८ साली चौथा शोधून काढला. २७ जुलैला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी ठराव केला की मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव द्यायचं. विद्यापीठ १९५८ चं. त्याच्या आठ वर्षं आधी, १९५० साली, बाबासाहेबांनी तेव्हाच्या औरंगाबादेत कॉलेज काढलं होतं, ज्याला आपण मिलिंद म्हणतो. तरी शहाणी माणसं विचारायला लागली, एका नावाचा एवढा हट्ट कशाला? नावात काय आहे? नावात काही नव्हतं तर घरं कशाला जाळली? नांदेड जिल्ह्यात, परभणीत, गावागावात आमच्या वस्त्या का पेटल्या? टेंभुर्णीच्या पोचीराम कांबळेंना का मारलं? सुगावच्या जनार्दन मवाडेंना का मारलं? पोचीरामांची गोष्ट आपल्या प्रत्येक घरात सांगतात. 'जय भीम' सोड म्हणत होते, त्यांनी सोडलं नाही.

माझी आज्जी तेव्हा पंचविशीत होती. आमच्या वस्तीवरही लोक चालून आले होते. मी लहानपणी तिला विचारायचो, आज्जे, एवढी जिद्द कुठून आणलाव तुम्ही? शाळेतून नवा शब्द शिकून आलो होतो ना. ती तोंडातलं पान थुंकून म्हणायची, "कसली जिद्द रं बाबा. पळायला जागा कुठं होती? ते म्हणले गाव सोडा, आमी नाही म्हणलाव." बस. तिच्या बोलीत त्या गोष्टीला नामच नव्हतं. 'नाही म्हणलाव' एवढंच. मला आजही जिद्दीची याच्याहून चांगली व्याख्या मिळालेली नाही, आणि तिनं ती व्याख्या म्हणून सांगितलीही नव्हती.

ते जुनं झालं म्हणू नका. १ जून २०२३ रोजी नांदेडला लागून असलेल्या बोंढार हवेलीत आपल्यातल्या चोवीस वर्षांच्या पोराला भोसकून मारलं. गावात भीमजयंती काढल्याचा राग होता, असं त्याच्या भावानं फिर्यादीत सांगितलं. वर्षातून एकदा रस्त्यानं वाजतगाजत जाणं हासुद्धा माज.

पुन्हा नामांतराकडं येतो. ठराव ते अंमल, साडेपंधरा वर्षं. ठराव झाला तेव्हा शरद पवार मुख्यमंत्री होते, अंमल झाला तेव्हाही तेच. मधल्या काळात मुख्यमंत्री आले-गेले, लाँग मार्च निघाला, पोरं तुरुंगात गेली, काहींची नोकरीची वयं उलटली. २५ नोव्हेंबर १९९३ ला नांदेडात गौतम वाघमारेंनी स्वतःला पेटवून घेतलं. तसं मरणं मी कुणाला शिकवणार नाही. आपण दुसऱ्यांनी लावलेल्या आगीतच खूप जळलो आहोत. पण त्या माणसाच्या नावापुढं हट्ट हा शब्द कुणी लावला तर मात्र मी त्याची कॉलर धरीन. मग १४ जानेवारी १९९४. आम्ही नामांतर मागितलं होतं, मिळाला नामविस्तार. 'मराठवाडा' तसंच ठेवून पुढं नाव जोडलं. तरी आमच्या मायबहिणी रस्त्यावर नाचल्या, आणि नाचल्या ते बरोबरच.

आता एक हिशेब बघा, फार लोक तो करत नाहीत. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला नांदेडात नवीन विद्यापीठ निघालं, स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचं. स्वामीजींबद्दल माझ्या मनात वाकडं काही नाही, निजामाविरुद्ध लढलेला माणूस. विद्यापीठ जवळ आलं, पोरांची सोय झाली, हेही खरं. पण नांदेड, लातूर, परभणी आणि आताचं हिंगोली हा सगळा मुलूख नव्या विद्यापीठाकडं गेला. टेंभुर्णी नांदेड जिल्ह्यात. सुगाव नांदेड जिल्ह्यात. गौतम वाघमारे जिथं जळाले ते शहर नांदेड. ज्या मातीनं त्या नावासाठी माणसं दिली, त्या मातीतल्या पोरांच्या डिग्रीवर ते नाव आठ-नऊ महिन्यांत येणं बंद झालं. याला मराठीत कोणता शब्द आहे? मला सुचत नाही. तुम्हाला सुचला तर कळवा.

आता लातूर. लातूर पॅटर्नला नुसत्या शिव्या घालून मी मोकळा होणार नाही, ते आळशीपणाचं होईल. १९७० साली तिथं राजर्षी शाहू महाविद्यालय निघालं. त्याचे पहिले प्राचार्य जनार्दन वाघमारे, तेच ज्यांनी अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या साहित्यावर आणि संस्कृतीवर मराठीत पुस्तक लिहिलं आणि पुढं नांदेड विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. मागास मराठवाडा, निजामी मराठवाडा म्हणून पुण्या-मुंबईनं ज्यांना हिणवलं, त्यांची पोरं जादा तास करून, सराव परीक्षांवर सराव परीक्षा देऊन बोर्डाच्या गुणवत्ता यादीत घुसली. नव्वदच्या आसपास पेपर उघडला की लातूर, लातूर. ती समोर बघणारी गोष्ट होती. पुण्याच्या विरुद्ध, मुंबईच्या विरुद्ध. खरी जिद्द.

मग तिला भाव फुटला. क्लासवाले आले, मेसवाले आले, कॉटचे भाडेकरी आले, फ्लेक्सवाले आले. समोर बघणारी पोरं एका रांगेत बसवली आणि मान बाजूला वळवली. शेजारच्या कॉटवरच्या पोरीला किती पडले? आज माझ्या बहिणीची लढाई पुण्याशी नाही. ती खोलीतल्या उरलेल्या तीन पोरींशी आहे. त्यातली एक लोह्याच्या शेतकऱ्याची, एक उदगीरच्या दर्ज्याची. तिघींनीही घरदार गहाण टाकल्यासारखंच आहे. हिला दोन मार्क जास्त पडले तर त्या जेवत नाहीत, त्यांना पडले तर ही जेवत नाही. क्लासवाला तेवढा दोन्ही वेळा जेवतो.

हे मला गोदीनं शिकवलं. १९४८ च्या कायद्यानं गोदी कामगाराला नोंदणीचा आधार मिळाला होता, तो जमाना आम्ही म्हाताऱ्यांच्या तोंडून ऐकतो. मी ठेकेदाराचा माणूस. मी लागलो त्या वर्षी एक दिवस मुकादम म्हणाला, आज दोन टोळ्यांची पैज. जी टोळी जास्त पोती उतरवील तिला वडापाव, वर माणशी शंभर रुपये. झालं, इरेला पेटलो. पन्नास किलोचं पोतं खांद्यावर टाकून अक्षरशः पळालो. समोरची टोळी मालवणी पोरांची, त्यांना हरवायचंच. हरवलं. वडापाव खाल्ला, शंभर घेतले, रातभर पाठ धरून बसलो. पुढच्या सोमवारी मुकादमानं दोन्ही टोळ्यांना सांगितलं, त्या दिवशी जेवढी उतरली तेवढी आता रोजची. पैज एका दिवसात संपली, आकडा कायमचा राहिला. त्या मालवणी पोरांतला एक आता माझा जिगरी आहे. चहा पिताना अजून शिव्या देतो, "साल्या, तू पळालास म्हणून आम्ही मेलो." मी म्हणतो, तू पण पळत होतास की.

त्या दिवशी आमच्यापैकी एकानंही मान वर करून विचारलं नाही, ही पैज लावली कुणी? लावणारा स्वतः पळत नव्हता. तो खुर्चीत बसून मोजत होता.

राजर्षी शाहूंची एक गोष्ट सांगतात, लातूरच्या त्या कॉलेजवर ज्यांचं नाव आहे त्यांची. १९०२ साली त्यांनी कोल्हापूर संस्थानात निम्म्या जागा मागासलेल्यांसाठी राखून ठेवल्या. सांगलीचे अभ्यंकर वकील म्हणाले, लायकी बघून द्यावं, जात बघून कशाला? महाराज त्यांना घोड्यांच्या पागेत घेऊन गेले. प्रत्येक घोडा आपल्या तोबऱ्यातून चंदी खात होता. महाराजांनी तोबरे काढायला लावले आणि सगळी चंदी एकाच ठिकाणी ओतायला सांगितली. दांडगे घोडे लाथा झाडत पुढं आले, सगळं खाऊन गेले. शिंगरं आणि म्हातारी जनावरं लांब उभी राहिली. गोष्ट घडली तशीच घडली की लोकांनी तिला रंग चढवला, मला वाद घालायचा नाही. मला एवढंच दिसतं की लांब उभ्या राहिलेल्या शिंगराला कुणी विचारलं नाही, तुझ्यात जिद्द का नाही रे? तो प्रश्न विचारायला शाहूंच्या नावाचं कॉलेज असलेल्या शहरात, शंभर वर्षांनंतर, फी घेऊन बसलेला सर लागला.

आणि परीक्षेचं नाव काय, तर नीट. आपल्या भाषेत नीट म्हणजे सरळ. २०२४ साली ती किती सरळ होती ते देशानं बघितलं. तेवीस लाखांवर पोरं बसली, एमबीबीएसच्या जागा लाखाच्या थोड्या वर. पेपर फुटला. सुप्रीम कोर्टानं परीक्षा रद्द केली नाही, पण हजारीबाग आणि पाटण्यात पेपर फुटल्याचं मान्य केलं. तपासाचा धागा लातूरपर्यंत आला, तिथंही अटका झाल्या. गुन्हा कोणाचा ते कोर्ट ठरवील. मी एवढंच विचारतो, पैसे मोजून पेपर घेणाऱ्याच्या अंगात काय असतं? त्याला मराठीत काय म्हणायचं? त्याच्या तोंडावर कुणी म्हणणार आहे का, तुझ्यात जिद्द नाही? राखीव जागेवर आलेल्या पोराला मात्र पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत तेच ऐकावं लागतं, आणि तेही पेपर फोडणाऱ्या, देणगी भरणाऱ्या लोकांच्या तोंडून.

गोदीत एक शब्द आहे, नेट. जड नग अडकला की मुकादम ओरडतो, "नेट लावा!" सगळे मिळून एका दमात लोटतो. एकट्यानं नेट लावला तर कंबर जाते. आमच्या गावाकडंही आहे हा शब्द, गाडी चिखलात रुतली की. मला तो जिद्दीपेक्षाही आवडायला लागलाय, कारण त्यात शेजारचा माणूस आपल्याच बाजूनं लोटत असतो.

आता थोडं आपल्या घरात. हे लिहिताना मला लाज वाटते, पण लिहितो. समोर बघायचं सोडून आडवं बघायचा रोग आपल्यालाही जुना आहे. दलित पँथर १९७२ ला निघाली आणि १९७४ ला फुटली. रिपब्लिकन पक्षाचे किती तुकडे झाले ते मोजायला टॅली क्लार्क बसवावा लागेल. १४ एप्रिलला ह्या गल्लीच्या डीजेपेक्षा त्या गल्लीचा डीजे मोठा, ह्यांचा केक चौदा किलोचा तर त्यांचा चोवीसचा. वर्गणीवरून डोकी फुटतात. कवी मंडळीही कमी नाहीत, ह्याचं पुस्तक आलं की त्याच्या पोटात दुखतं. मीही त्यातलाच, दोन कविता छापून आल्या तेव्हा ज्याच्या नाही आल्या त्याचं तोंड बघायला मी मुद्दाम गेलो होतो. पैज लावणारा खुर्चीत बसून मोजतोच आहे, आणि आपण 'आपल्या माणसाला हरवलं' म्हणून वडापाव खातोय.

उद्या कुणी म्हणेल, मग काय, परीक्षा देऊच नयेत का? द्यायच्याच. बाबासाहेब परीक्षा देत देतच कोलंबियाला आणि लंडनला गेले. माझी बहीण पेपर देणार, आणि मला ती डॉक्टर झालेली बघायची आहे. आमच्या तालुक्यात बाळंतीण अडली तर अजून धावाधाव होते. भांडण परीक्षेशी नाही. आमच्या अंगातल्या ताकदीला तुम्ही कोणत्या दिवशी जिद्द म्हणणार, कोणत्या दिवशी हट्ट आणि कोणत्या दिवशी माज, हे ठरवायचा शिक्का तुमच्या हातात कुणी दिला, हे भांडण आहे.

त्या दिवशी लातूरला बहिणीला मी यातलं फार काही सांगितलं नाही. रात्रभराचा थकलेला होतो. मेसमध्ये दोघं जेवलो. वरण पातळ होतं. चाचानं सांगितलेला अर्थ तेवढा सांगितला. ती जरा वेळ ताटाकडं बघत राहिली, मग म्हणाली, "म्हंजी सराला विचारायला पाहिजे होतं, कुणाच्या विरुद्ध पाहिजे म्हणून." आणि हसली. खोलीवर आलो तर ती उदगीरची पोरगी तोंडावर ओढणी घेऊन झोपली होती, टेस्टमध्ये कमी पडले म्हणून सकाळपासून जेवली नव्हती. बहिणीनं मेसवरून आणलेल्या दोन पोळ्या तिच्या कॉटवर ठेवल्या.

निघताना मी विचारलं, "लईच होत असंल तर चल गावाकडं. माय काय म्हणणार नाही. नांदेडला कॉलेज कर."

ती म्हणाली, "नाही."

पुढं मी काही विचारलं नाही. दोन वाजता तिची टेस्ट होती. खोलीभाड्याचे पैसे उशीखाली ठेवले आणि स्टेशनावर आलो. सोमवारी पहिली पाळी होती.